गाडी मिळते, मिस्त्री मिळत नाही : प्रलयानंतरच्या व्हिडिओ गेममधली वाहतूक आणि तंत्रविद्या

१९८८ साली इंटरप्ले या अमेरिकी कंपनीने 'वेस्टलँड' नावाचा गेम तयार केला. अणुयुद्धात जग बेचिराख झाल्यानंतरच्या वाळवंटात तो घडतो. त्यातल्या डेझर्ट रेंजर्सची मूळ हकिकत आज फार थोड्यांना आठवत असेल. युद्ध पेटलं तेव्हा अमेरिकी लष्करातल्या इंजिनिअरांची एक तुकडी नैऋत्येकडच्या वाळवंटात कोरड्या नद्यांवरून वाहतुकीची सोय करण्याच्या कामावर होती. बॉम्ब पडले, वरून हुकूम येणं थांबलं. या लोकांनी जवळचा तुरुंग ताब्यात घेतला आणि तिथेच वस्ती केली. रेंजर्स हे त्यांचेच वारस. म्हणजे प्रलयानंतरच्या गेमांची परंपरा सुरू होते ती पूल बांधणाऱ्या माणसांपासून. याच गेममध्ये पात्राला टोस्टर दुरुस्त करण्याचं कौशल्य शिकता येत असे. ते गमतीने ठेवलेलं होतं, पण त्याचा उपयोगही होत असे.

त्यानंतरच्या साडेतीन दशकांत या प्रकारात पुष्कळ गेम आले. राक्षस, रोगराई, किरणोत्सर्ग, टोळ्या यांवर भरपूर लिहिलं गेलं. मला मात्र प्रत्येक नव्या गेममध्ये आधी दोन गोष्टी पाहाव्याशा वाटतात. या जगात माल एका गावाहून दुसऱ्या गावी कसा जातो? आणि बिघडलेलं यंत्र कोण दुरुस्त करतं, त्याला ते कुणी शिकवलं? माझ्या मते हा एकच प्रश्न आहे. सुटा भाग पोचला नाही तर जाणकार माणूस हात बांधून बसतो, आणि जाणकार नसेल तर पोचलेला भाग पेटीतच गंजतो. ज्या गेमांनी ही गाठ ओळखली, त्यांचं जग खरं वाटतं. बाकीच्यांमध्ये देखावा छान असतो, पण तिथली माणसं जगतात कशी याचा पत्ता लागत नाही.

या गाठीचा सर्वांत खोल विचार 'फॉलआउट'च्या सुरुवातीच्या भागांत झाला. 'वेस्टलँड'चे हक्क दुसऱ्या कंपनीकडे राहिल्यामुळे इंटरप्लेने १९९७ साली हे स्वतःचं नवं जग उभं केलं. त्यात २३ ऑक्टोबर २०७७ रोजी बॉम्ब पडतात. पहिल्या भागाची गोष्ट २१६१ मधली. व्हॉल्ट १३ या भूमिगत आश्रयस्थानातल्या पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेची एक चिप निकामी होते आणि ती शोधून आणायला खेळाडूला १५० दिवस मिळतात. आतल्या लोकांकडे यंत्रणा आहे, ती चालवण्याचं शिक्षण आहे, शिस्त आहे. तो एक सुटा भाग बनवण्याची सोय मात्र नाही. १९९८ च्या दुसऱ्या भागात याचं कारण उलगडतं. युद्धापूर्वी जादा चिपांची पेटी चुकून व्हॉल्ट ८ ला पोचती झाली होती. पार्सल चुकीच्या पत्त्यावर गेलं आणि ऐंशीहून अधिक वर्षांनी एका वस्तीच्या जिवावर बेतलं. पुरवठा म्हणजे काय हे इतक्या थोडक्यात सांगणारं दुसरं कथानक मला माहीत नाही.

या जगात माल वाहतात ते दोन डोक्यांचे गाय-बैल, ज्यांना गेममध्ये 'ब्राह्मिन' म्हणतात. हब नावाच्या व्यापारी पेठेत तीन मोठ्या पेढ्या आहेत: क्रिमझन कॅरॅव्हॅन, फार गो ट्रेडर्स आणि पाण्याचे व्यापारी. खेळाडू तांड्याचा राखणदार म्हणून नोकरी धरू शकतो. मोटारींचे सांगाडे रस्त्यावर पडलेले आणि त्यांच्यामधून जनावरांचा तांडा चाललेला, हे दृश्य कल्पनेतलं असलं तरी त्याला इतिहासात आधार आहे. १९३० च्या मंदीत कॅनडातल्या शेतकऱ्यांना पेट्रोल परवडेना, तेव्हा त्यांनी मोटारींची इंजिनं काढून टाकली, पुढे घोडे जुंपले आणि तेव्हाचे पंतप्रधान बेनेट यांचं नाव त्या गाड्यांना दिलं. तंत्र मागे जातं ते असं: इंजिन जातं, पण रबरी टायर आणि चाकाचा आस राहतो आणि जुन्या बैलगाडीपेक्षा बरी गाडी तयार होते. जाता जाता एक नोंद. २००८ साली 'फॉलआउट ३' आला तेव्हा मायक्रोसॉफ्टने सांस्कृतिक संवेदनशीलतेचं कारण देऊन तो भारतात प्रसिद्ध केला नाही. या जनावरांच्या नावामुळे हे झालं असावं, असा तर्क तेव्हा सर्वत्र होता. इथल्या खेळाडूंच्या हाती तो आडमार्गाने आला.

दुसऱ्या भागातल्या हायवेमन मोटारीबद्दल जरा सविस्तर लिहायला हवं, कारण गेममधल्या वाहनाची गोष्ट अशी असावी असं मला वाटतं. डेन या गावात स्मिटी नावाचा एक भंगारवाला मिस्त्री आहे. त्याच्या आवारात गाडी उभी आहे, बॉडी शाबूत आहे, पण चालत नाही. ती विकायला तो दोन हजार डॉलर मागतो, शिवाय इंधनघटाचा नियंत्रक तुम्हीच आणून द्या म्हणतो. हा नियंत्रक मिळतो गेकोमधल्या स्कीटरकडे. गेको ही किरणोत्सर्गाने कातडी झडलेल्या घूल लोकांची वस्ती. स्कीटरला बदल्यात पैसा नको, हत्यारांचा चांगला संच हवा आहे, कारण त्याच्या वस्तीत हत्यारांचाच तुटवडा आहे. हत्यारं शेजारच्या व्हॉल्ट सिटीत आहेत आणि त्या शहराला घूल लोकांची सावलीही नको असते. म्हणजे गाडी एका गावात, भाग दुसऱ्या गावात, हत्यारं तिसऱ्या गावात. आणि या तिघांमध्ये जाणं-येणं फक्त तुमचं. तुम्ही पायी वणवण करून ही तीन टोकं जोडता तेव्हा गाडी सुरू होते. मग नकाशावरचं अंतर झपाट्याने सरतं, डिकीत सामान राहतं, आणि ऊर्जाघट संपला की रस्त्यात खोळंबा होतो. पुढे न्यू रेनोला पोचलात की गाडी चोरीला जाते. शोध घेतला तर ती चोरीच्या गाड्यांच्या अड्ड्यावर सापडते. तिथला माणूस ती परत तर देतोच, शिवाय तिच्यात सुधारणाही करून देऊ शकतो, कारण त्या मुलखात गाडी कळणारी माणसं मोजकीच आहेत आणि त्यांपैकी एक चोर निघाला आहे.

गेकोचा अणुवीज प्रकल्प ही याच गोष्टीची दुसरी बाजू. तो चालवतात घूल. त्यांचं ज्ञान वर्षानुवर्षांच्या सवयीचं, हाताला लागलेलं. गळतीमुळे व्हॉल्ट सिटीचं पाणी दूषित होतंय. शहरातल्या काहींना प्रकल्पच उडवून द्यायचा आहे. दुरुस्तीला लागणारा भाग शहराच्या कोठारात पडून आहे, पण तो त्या लोकांना द्यायचा नाही, कारण त्यांच्यावर शहराचा विश्वास नाही. खेळाडूने मध्यस्थी केली तर गळती थांबते आणि दोन्हीकडे वीज खेळू शकते. यात गोळी झाडावी लागत नाही. एक भाग एका गोदामातून दुसऱ्या गावी पोचवणं, एवढंच काम. व्हिडिओ गेमच्या इतिहासातल्या अत्यंत शहाण्या प्रसंगांमध्ये मी याची गणना करतो.

२०१० सालचा, ऑब्सिडियनने केलेला 'फॉलआउट : न्यू व्हेगस' हाच धागा राज्यसंस्थेपर्यंत नेतो. गोष्ट २२८१ मधली आणि नायक कुरिअर, म्हणजे पोचवण्याचं काम करणारा. न्यू कॅलिफोर्निया रिपब्लिक हे नव्याने उभं राहिलेलं प्रजासत्ताक हूवर धरणाच्या विजेसाठी मोहावे वाळवंटात उतरलं आहे. हे धरण खरं आहे, १९३६ साली पूर्ण झालेलं. प्रजासत्ताकाला रेल्वे आणि रस्ते राखायला मनुष्यबळ पुरत नाही, म्हणून ते कैद्यांना मार्गाच्या कामावर लावतं आणि त्यांच्या हाती सुरुंगाची दारू देतं. पुढे पहारेकरी सरहद्दीवर हलवले जातात, कैदी तीच दारू वापरून बंड करतात आणि महामार्गावर लुटालूट सुरू होते. तिथून थोड्या अंतरावर दगडखाणीत डेथक्लॉ हे हिंस्र प्राणी शिरल्यामुळे खाण बंद पडली आहे आणि व्हेगसला जाणारा सरळ रस्ताही. खेळाडूला लांबचा वळसा पडतो आणि त्या वळशात अख्खं राजकारण उलगडतं. महामार्ग बंद असणं हा इथे नुसता अडथळा राहत नाही. राज्य कुठवर पोचतं आणि कुठे संपतं, हे त्यातून दिसतं.

तंत्रविद्या कुणाच्या हाती असावी याविषयी 'फॉलआउट'मध्ये दोन पंथ आहेत. ब्रदरहूड ऑफ स्टील हा लष्करातून फुटलेल्या कॅप्टन रॉजर मॅक्सनच्या माणसांचा संघ. यंत्रं गोळा करायची, लेखनिकांकरवी त्यांच्या नोंदी ठेवायच्या आणि बाहेरच्यांना हात लावू द्यायचा नाही, हा त्यांचा धर्म. दुसरा पंथ फॉलोअर्स ऑफ द अपॉकलिप्स. त्यांचं ठाणं लॉस एंजेलिसच्या अवशेषांमधल्या ग्रंथालयात; शिकवणं आणि औषधपाणी हे त्यांचं काम. 'न्यू व्हेगस'मधल्या हेलिओस वन या सौर वीजकेंद्रात या दोन वृत्तींमधली दरी एका प्रसंगात दिसते. केंद्राचा प्रमुख म्हणून प्रजासत्ताकाने फँटॅस्टिक नावाच्या एका थापाड्याला नेमलं आहे. त्याला काहीही येत नाही. मुलाखतीत तो आत्मविश्वासाने बोलला एवढंच. खरा जाणकार, फॉलोअर्सपैकी इग्नॅशियो रिव्हास, त्याच आवारात एका कोपऱ्यात काम करतोय. ज्या समाजात जुनी पदवी तपासायला विद्यापीठच उरलेलं नाही, तिथे जाणकार ओळखायचा कसा? प्रश्न गमतीच्या वेशात आला आहे, पण तो फार गंभीर आहे.

बेथेस्डाने केलेल्या तिसऱ्या आणि चौथ्या भागांकडे त्या मानाने लवकर वळून लवकर निघता येतं. जग सुंदर आहे, फिरायला अफाट आहे, पण चौथ्या भागात बॉम्ब पडून २१० वर्षं झाली तरी घराघरांत सांगाडे तसेच, टर्मिनल चालू, दुकानात डबाबंद अन्न. इतक्या काळात कुणी झाडूसुद्धा मारला नाही, मग गाडी कोण दुरुस्त करणार? चालवायला वाहन नाही. रस्त्यातल्या अणुशक्तीवरच्या मोटारी गोळी लागली की स्फोट होण्यापुरत्या. यामागे तांत्रिक मर्यादाही होती. तिसऱ्या भागाच्या 'ब्रोकन स्टील' या पुरवणीत एकदा रेल्वेने प्रवास करायचा असतो. तो डबा प्रत्यक्षात अंगावर चढवायचं चिलखत म्हणून बनवलेला होता, कारण गेमच्या यंत्रणेत वाहन नावाची चीजच नव्हती. कारागिरांनी अडचणीतून काढलेला हा मार्ग मला खरोखर मोलाचा वाटतो.

रशियाकडे वळलं की प्रश्नाचं रूप बदलतं, कारण तिथे रूळ येतात. दिमित्री ग्लुखोव्स्की यांच्या 'मेट्रो २०३३' या कादंबरीवरून युक्रेनच्या ४ए गेम्सने २०१० साली त्याच नावाचा गेम केला. अणुयुद्धानंतर वाचलेले लोक मॉस्कोच्या भुयारी रेल्वेत राहतात. प्रत्येक स्थानक म्हणजे एक गाव किंवा एक देश. बोगद्यांतून हातगाड्या आणि मोटारट्रॉल्या धावतात. युद्धापूर्वीची चांगल्या प्रतीची काडतुसं चलन म्हणून चालतात. सर्वांत श्रीमंत कोण? हान्झा, म्हणजे वर्तुळाकार मार्गावरच्या स्थानकांचा संघ. बाकीच्या सगळ्या मार्गांना त्यांचं वर्तुळ छेदतं, त्यामुळे जकात त्यांची. मॉस्को मेट्रोचा नकाशा समोर ठेवून राजकीय अर्थशास्त्र रचण्याची ही कल्पना फार तरतरीत आहे.

मराठी वाचकाला याच कादंबरीतला आणखी एक तपशील थांबवेल. लेनिन ग्रंथालयाच्या आसपासच्या चार स्थानकांची मिळून 'पॉलिस' नावाची वस्ती आहे आणि तिथे समाजाचे वर्ग पाडलेले आहेत. ग्रंथांची राखण करणारे ब्राह्मण आणि लष्करी परंपरेतले क्षत्रिय. नावं आपल्याकडचीच उचललेली. लेखकाला ज्ञान जपणाऱ्या वर्गाचं गूढ आकर्षण दाखवायचं असावं. पण ज्या पुण्यात १८४८ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांना मुलींसाठी शाळा काढायला समाजाशी भांडावं लागलं, त्या भूमीतल्या वाचकाला या रचनेचा शेवट ठाऊक आहे. ज्ञान जपणारा वर्ग हळूहळू ज्ञान अडवणारा वर्ग होतो. ब्रदरहूडचंही तेच झालं. म्हणून राखणदारांचं कौतुक करणारे प्रसंग वाचताना मला नेहमी विचारावंसं वाटतं, की बोगद्यात पाण्याचे पंप चालवणाऱ्याला त्या ग्रंथालयात जाता येतं का?

२०१९ चा 'मेट्रो एक्झोडस' बोगद्यातून बाहेर येतो. ऑरोरा हे वाफेचं इंजिन घेऊन नायक आर्त्योम, त्याची बायको आना आणि सेनानी मिलरची तुकडी पूर्वेला निघतात: व्होल्गा, मग आटलेला कॅस्पियन, तैगा, नोवोसिबिर्स्क, आणि अखेर बैकाल सरोवर. वाफेचं इंजिन निवडणं ही डोळस निवड आहे. त्याला लाकूड चालतं, कोळसा चालतो, पाणी लागतं. रिफायनरी लागत नाही. व्होल्गाकाठी पूल अडवून बसलेला एक धर्मपंथ आहे. विजेमुळे जग बुडालं म्हणून वीज वापरणं पाप, असं त्यांचा गुरू शिकवतो आणि नदीतल्या अजस्र माशाची पूजा होते. तिथेच क्रेस्ट नावाचा एकटा राहणारा मेकॅनिक भेटतो. तो पुढे गाडीवर येतो. माझ्या दृष्टीने त्या अख्ख्या प्रकरणातली मोठी कमाई हीच. डबा जोडला जातो, बंदुका मिळतात, ते ठीक. पण धावत्या गाडीत स्पॅनर हातात धरून बसलेला माणूस आला, की प्रवास पुढे जाऊ शकेल असं वाटायला लागतं. कॅस्पियनच्या वाळवंटात पुढे एक जुनी व्हॅन चालवायला मिळते. तिथे तेल आहे, म्हणून तिथे गुलामगिरीही आहे.

तेल म्हटलं की या प्रकारच्या गेमांचा सर्वांत मोठा दोष पुढे येतो. पेट्रोल टिकत नाही. उघड्यावर राहिलं तर काही महिन्यांत, नीट बंद ठेवलं तर वर्ष-दोन वर्षांत त्यातले हलके घटक उडतात, उरलेल्याचा हवेशी संयोग होऊन चिकट राळ बनते आणि ती कार्बोरेटर नि इंजेक्टर तुंबवते. बॅटरी चार्जिंगविना पडून राहिली की आतल्या पट्ट्यांवर सल्फेट बसतं आणि ती मरते. टायर उन्हाने आणि ओझोनने तडकतात. म्हणजे प्रलयाला वीस वर्षं झाली असतील तर रस्त्यात सापडलेली मोटार किल्ली फिरवून सुरू होणं अशक्य आहे. नॉटी डॉगच्या २०१३ सालच्या 'द लास्ट ऑफ अस'ला हे अर्धं कळलेलं आहे. बिल नावाच्या एकांड्या माणसाच्या गावात सारी धडपड चालते ती एका बॅटरीसाठी, कारण जुन्या सगळ्या मेलेल्या. शाळेत घुसलेल्या लष्करी ट्रकमधली बॅटरी आधीच कुणी नेलेली निघते. शेवटी ती एका घराच्या गॅरेजमधल्या ट्रकमध्ये सापडते, आणि चौदा वर्षांच्या एलीला सुकाणूवर बसवून नायक जोएल आणि बिल गाडी ढकलतात. उतारावर क्लच सोडून गाडी चालू करण्याचा हा प्रकार आपल्याकडे जुनी जीप किंवा स्कूटर बाळगलेल्या कुणालाही ओळखीचा वाटेल. पेट्रोलचं कोडं तिथे मोकळंच राहिलं. या गेमवरून केलेल्या २०२३ च्या टीव्ही मालिकेत मात्र जोएलच्या तोंडून पेट्रोल निकृष्ट झाल्याचं सांगून ती बाजू सावरून घेतली आहे.

याच गेममधलं जॅक्सन गाव त्याहून महत्त्वाचं. जोएलचा भाऊ टॉमी आणि मारिया जलविद्युत केंद्राची टर्बाइन पुन्हा फिरवण्याच्या खटाटोपात आहेत, दळणवळण घोड्यांवर. नदी आहे, धरण आहे, गवत आहे. बाहेरून काही आणावं लागत नाही अशी वीज आणि बाहेरून काही आणावं लागत नाही असं वाहन. त्या गावाचं टिकणं पटतं ते यामुळे.

'मॅड मॅक्स' (२०१५) आणि 'डेज गॉन' (२०१९) हे वाहनप्रधान गेम. पहिल्यात चंबकेट नावाचा कुबडा मेकॅनिक इंजिनाची अक्षरशः पूजा करतो आणि गाडीच्या मागे लटकून चालत्या लढाईत दुरुस्ती करतो. ज्ञान विसरलं जाऊन त्याचा विधी होतो, हे त्या पात्रात नेमकं पकडलं आहे. 'डेज गॉन'मध्ये ऑरेगॉनच्या जंगलात मोटारसायकल सतत तहानलेली असते. टाकी रिकामी झाली की चालत जाऊन डबा शोधायचा. त्यापलीकडे दोन्ही गेममध्ये तंत्र म्हणजे भंगाराचे नग मोजून बटण दाबणं.

'प्रोजेक्ट झॉम्बॉईड'मध्ये मात्र ज्ञानाची किंमत जाणवते. १९९३ मधलं केंटकी, मृतांचा सुळसुळाट, आणि तुम्ही एकटे. सुरुवातीला नळाला पाणी आहे, वीज आहे. मग एके दिवशी दिवे जातात. जनरेटर एखाद्या गोदामात सापडतो, पण तो जोडायचा कसा हे तुमच्या पात्राला ठाऊक नसतं. वीजतंत्री हा पेशा निवडला असेल तर गोष्ट वेगळी. नाहीतर त्याबद्दलचं एक मासिक शोधावं लागतं. ते पुस्तकांच्या दुकानात असेल, कुणाच्या घरच्या कपाटात असेल, टपालपेटीत असेल. त्या पातळशा मासिकासाठी धोक्याच्या वस्तीत शिरलेले खेळाडू असंख्य आहेत. मिळालं, वाचलं, जनरेटर जोडला. तो घरात चालवला तर धुराने माणूस मरतो. बाहेर ठेवला तर आवाजाने मृत गोळा होतात. चालता चालता तो झिजतो, त्याला सुटे भाग लागतात. पेट्रोल पंपाच्या जमिनीखाली साठा आहे, पण वीज गेल्यावर पंप उपसणार कशाने? मग जनरेटर तिथे न्यायचा, आणि तो नेण्यासाठी गाडी, गाडीसाठी पेट्रोल. गाड्यांचेही प्रकार आहेत: साध्या, मालवाहू, वेगवान, प्रत्येकीच्या दुरुस्तीची पुस्तिका निराळी. पेट्रोल इथेही नासत नाही, ही उणीव आहेच. पण वाचन हे जगण्याचं साधन बनवणारा हा गेम मी तरुण मुलांना मुद्दाम सुचवतो. 'कॅटॅक्लिझम : डार्क डेज अहेड' या फुकट आणि खुल्या गेममध्ये तर वाहन नट-बोल्टापासून जुळवता येतं, आणि तिथे सायकलही आहे.

बाकी गेमांमधून सायकल गायब का असावी, हे मला खरंच कळत नाही. प्रलयानंतर सगळ्यांत जास्त काळ चालेल असं वाहन तेच. इंधन नाही, रस्ता अरुंद चालतो, दुरुस्ती गल्लीतल्या कुणालाही जमते, आणि दोन-तीन पोती लादून ढकलतही नेता येते. एके काळी सायकलींचं शहर म्हणून नावाजलेल्या पुण्यात वाढलेल्यांना हे पटवून द्यावं लागू नये. तरी 'फॉलआउट', 'द लास्ट ऑफ अस', 'झॉम्बॉईड' यांपैकी एकाच्याही मूळ आवृत्तीत ती चालवता येत नाही. दुसरी गैरहजेरी कोळशाच्या गॅसची. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेनासं झालं तेव्हा युरोपात लाखो गाड्या लाकूड किंवा लोणारी कोळसा अर्धवट जाळून निघणाऱ्या गॅसवर धावल्या. आपल्याकडेही त्या काळात मागे शेगडीसारखी टाकी बसवलेल्या मोटारी होत्या; त्या चढावर दमत, पण चालत. डिझेल इंजिनाचं तर १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात शेंगदाणा तेलावर प्रात्यक्षिक झालं होतं. इतका तयार इतिहास हाताशी असताना गेम लिहिणारे पुन्हा पुन्हा जुन्या पेट्रोलच्या डब्याकडेच वळतात.

आता दोन गेम असे, जे एकमेकांची उलट टोकं आहेत. गुरिला गेम्सच्या 'होरायझन झीरो डॉन'मध्ये (२०१७) एलिझाबेट सोबेक पृथ्वीवर जीवसृष्टी पुन्हा रुजवणारी यंत्रणा रचते. तिच्यात 'अपोलो' हा मानवी ज्ञानाचा संपूर्ण ठेवा असतो. ज्याच्या यंत्रांमुळे प्रलय ओढवला तो उद्योगपती टेड फारो तो ठेवा पुसून टाकतो, नव्या माणसांनी निष्पाप राहावं म्हणून. यंत्रांनी वाढवलेली मुलं शिशुवर्गाच्या पुढे काही न शिकता बाहेर पडतात आणि त्यांच्या वंशजांचे टोळीसमाज बनतात. ३१ व्या शतकातली एलॉय यांत्रिक प्राण्यांवर स्वार होते. ते कसे बनले हे तिच्या काळात कुणालाही माहीत नाही. सगळं ज्ञान एका जागी ठेवलं तर ते एका माणसाच्या हुकमाने जाऊ शकतं, हा या कथेचा गाभा आहे, आणि तो लिहिणाऱ्यांनी मन लावून सांगितला आहे.

हिदेओ कोजिमांचा 'डेथ स्ट्रँडिंग' (२०१९) दुसऱ्या टोकाला. सॅम हा हमाल आहे. पाठीवर मालाच्या पेट्यांची उतरंड. तोल सांभाळत नदी ओलांडायची, उतारावर पाय घसरला की पेट्या वाहून जातात. तिथला पाऊस ज्याला लागेल त्याचं आयुष्य झपाट्याने संपवतो, म्हणून बांधलेला पूलही झिजत जातो आणि त्याची डागडुजी करावी लागते. रस्ता बनवण्यासाठी ठरावीक जागी धातू आणि सिरॅमिक नेऊन टाकायचं. एकट्याने पुरं होणं कठीण, पण जगात कुठेतरी दुसऱ्या खेळाडूनेही त्याच तुकड्यासाठी माल टाकलेला असतो आणि एके सकाळी रस्ता तयार दिसतो. कुणाची शिडी, कुणाचा दोर तुमच्या वाटेत आधीच लावलेला असतो. तो माणूस तुम्हाला भेटत नाही. रस्ता ही सामाईक वस्तू आहे आणि ती पुन्हा पुन्हा दुरुस्त करावी लागते, हे मी दुसऱ्या कुठल्या गेममध्ये इतकं अंगावर अनुभवलेलं नाही. २०२५ च्या दुसऱ्या भागात याला मोनोरेलची जोड मिळाली.

एवढं सगळं पाहून झाल्यावर जाणवते ती शिकाऊ उमेदवाराची अनुपस्थिती. पुस्तक सापडतं, नकाशा सापडतो, चंबकेट किंवा क्रेस्ट सापडतो. पण क्रेस्टच्या हाताखाली दोन वर्षं काढून तयार झालेला पोरगा कुठेच दिसत नाही. पोलंडच्या ११ बिट स्टुडिओजचा 'फ्रॉस्टपंक' (२०१८) त्याच्या सर्वांत जवळ जातो. गोठलेल्या जगात कोळशाच्या एका प्रचंड जनित्राभोवती शहर वसवायचं असतं. तिथे मुलांना कामाला लावायचं की आश्रमशाळेत ठेवायचं, असा कायदा तुम्ही करता. आश्रमशाळा निवडली तर पुढचा कायदा त्या मुलांना इंजिनिअरांच्या हाताखाली देऊ शकतो आणि कार्यशाळेतलं संशोधन वेगाने होऊ लागतं. पण गेम काही आठवड्यांतच संपतो. तोवर एकही मूल मोठं होत नाही, एकही इंजिनिअर म्हातारा होत नाही. मला खेळायचा आहे तो याच शहराचा पुढचा वीस वर्षांचा काळ: जनित्र बांधणारे गेले आहेत, त्याच्या वॉल्व्हचं पॅकिंग बदलायची वेळ आली आहे, आणि ते याआधी बदललेलं पाहिलेली दोनच माणसं शहरात उरली आहेत.